आईशेजारचा खांदा

परवा इथल्या मदतीच्या धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं — फोटो फार मोठा आहे, लेखात चढत नाही, काय करू? लगेच चार जणांनी आपापली अक्कल पाजळली. एकाने लिहिलं, "एवढा गोतावळा कशाला? क्रॉप करा ना! फक्त आजी ठेवा, बाकीचे उडवा." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला मात्र हसू आलं नाही... मी त्या ताईंना निरोप पाठवला की आजीच्या शेजारी जो कोणी उभा असेल त्याचा थोडा खांदा राहू द्या. त्यांनी विचारलं, "का हो?" आता त्या 'का'चं उत्तर दोन ओळींत कसं देणार? म्हणून हा लेख लिहायला बसले.

मी कोण ते आधी ऐका, म्हणजे पुढचं वाचताना 'ही तर अशीच' असं म्हणायची सोय राहणार नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. त्यानंतर आमच्या घरात ना कुणाच्या अंगात आलं, ना कुणी कुणाची दृष्ट काढली. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळामास्तर. गावात कुणी भुताखेताची गोष्ट काढली की अण्णांचा एकच प्रश्न असायचा, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" मग तो माणूस म्हणायचा, मी न्हाय, माझ्या मेव्हण्यानं. झालं, विषय संपला. मी त्यांचीच लेक, आणि तोंडानं त्यांच्यापेक्षा फटकळ. याच सदरातल्या भुताखेतांच्या कित्येक गोष्टींखाली मी खवचट प्रतिसाद दिलेत, जुन्या मंडळींना आठवत असतील. आज माझी पाळी आहे. करा काय चेष्टा करायची ती.

गोष्ट १९९९ ची. आम्ही शेळगावचे, तालुका इंदापूर. मी बारामतीत एका डीटीपी सेंटरवर कामाला होते, रोज एसटीने जाऊन-येऊन. स्टँडपासून जवळ, एका गाळ्यात ते सेंटर. मालक बापू, मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे, घरचा ऊस. बापूंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण हौस दांडगी. जे बारामतीत कुणाकडं नाही ते आपल्याकडं पायजे! म्हणून आमच्याकडे स्कॅनर आला, आणि त्याच हौसेपायी इंटरनेटही आलं. मॉडेम किर्र-खर्र करायला लागला की बापू गिऱ्हाइकांना दटावायचे, "गप बसा जरा, अमेरिकेला फोन लागतुया."

कामं म्हणजे लग्नपत्रिका, वाढदिवसाची पत्रकं, आणि सगळ्यात जास्त — मयताची कार्डं. तेव्हा खेड्यापाड्यात एकट्याचा फोटो फारसा कुणाचा नसायचा. माणूस गेलं की घरचे लोक कुठल्यातरी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि मागच्या रांगेतल्या फेट्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्या तात्यास्नी सोडवा." आमच्या धंद्यात शब्दच तो. माणूस 'सोडवायचा'. म्हणजे फोटो स्कॅन करायचा, तेवढा माणूस कापून घ्यायचा, शेजारच्याचा खांदा चौकटीत घुसलेला असतो तो पुसायचा, मागे फिकट निळा रंग भरायचा आणि चेहरा मोठा करायचा. मग तो 'कै' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. कैलासवासीतला कै. आमच्या समाजात कालकथित लिहितात, पण फोल्डर सगळ्यांना मिळून एकच होता.

मी इतके जण सोडवले होते की हात आपोआप चालायचा, डोकं दुसरीकडे असलं तरी.

माझा मोठा भाऊ मिलिंददादा त्याच वर्षी अमेरिकेला गेला. ते वाय-टू-केचं खूळ होतं ना, जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून? त्या कामासाठी. शेळगावातून अमेरिकेला! अण्णांचा ऊर भरून आला होता. आईचं मात्र निराळंच. ती रोज संध्याकाळी मी एसटीतून उतरून घरात पाऊल टाकलं की पहिलं विचारायची, "लिवलं का गं त्यानं काय?" घरी फोन नव्हता. दादा मला ईमेल करायचा, मी ती छापून घरी न्यायचे, आणि आई भाकरी थापता थापता माझ्याकडून तीन-तीनदा वाचून घ्यायची. "जेवला का ते लिवलंय का?" लिहिलेलं नसलं तरी मी वाचायचे, "जेवलो."

परदेशातल्या मराठी पोरांचा एक मंच होता. आताच्या या मंचासारखाच, फक्त साधा, पांढऱ्यावर काळी अक्षरं. तिथे 'माझं गाव, माझी माणसं' असा विषय चालला होता. जो तो आपल्या घरच्यांचे फोटो टाकत होता. दादाने मला लिहिलं, सुजे, माझ्या निघायच्या दिवशीचा फोटो टाक की. अंगणात काढलेला तो फोटो. सगळे ओळीत उभे, मधे आई. तिच्या डाव्या हाताला आत्या, उजव्या हाताला दादा स्वतः, चौकड्याचा शर्ट घालून. आईचा पदर नीट खांद्यावर, आणि चेहरा असा की आता रडेल नाहीतर कॅमेरावाल्याला शिव्या देईल.

फोटो मंचावर थेट चढत नसे. फुकटची जागा देणारी एक साइट होती, तिथे चढवायचा आणि त्याचा पत्ता मंचावर लिहायचा. पन्नास केबीच्या वर गेला की घेत नसे. मी सगळा ग्रुप स्कॅन केला, लहान केला, अजून लहान केला... शेवटी बसला, पण माणसं तिळाएवढी झाली. दादाचं उत्तर आलं — यात आई कुठली आणि रांजण कुठला तेच कळेना! एकट्या आईचा टाक. मोठा.

बस्स. एवढंच काम. मी चहा पीत पीत केलं. आईला कापून घेतलं. आत्याचा पदर पुसला. दादाचा चौकड्याचा खांदा पुसला. मागे निळा रंग भरला. चेहरा मोठा केला. सेव्ह करताना जे फोल्डर समोर उघडं होतं त्यातच सेव्ह केला. माझ्या काही म्हणजे काही लक्षात आलं नाही.

बापू मागून आले, पडद्यावर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आरारा. कवा गेल्या ह्या बाई?"

"बापू! आई आहे माझी! चांगली धडधाकट आहे!"

बापूंनी जीभ चावली. मग माझ्यावरच तापले, "मग जित्या माणसाला सोडवत्यात व्हय गं? आं? त्यो निळा रंग कशापायी भरलास?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मी कसली कबूल करतेय. म्हटलं, "निळ्यात काय वाईट आहे? निळा आमचा रंग आहे, बापू." आणि दिला चढवून.

त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर आई उजवा खांदा चोळत बसलेली. म्हणाली, "जड झालाय गं. पाण्याचा हंडा उचलताना भरला आसंल." मी तेल चोळून दिलं. दादानं अजून लिहिलं नाही म्हणून सांगितलं. ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची ईमेल आली. तो तेव्हा मराठी रोमनमध्ये लिहायचा. एवढंच लिहिलेलं — फोटो झकास. पण आईशेजारी कोण आहे?

मी म्हटलं, याला काय झालं? एकटी तर आई आहे. उत्तरात लिहिलं की तुझाच खांदा थोडा राहिला असेल. आणि खात्री करावी म्हणून मंच उघडला.

त्या काळचं ज्यांना आठवतंय त्यांना माहीत असेल, फोटो एकदम यायचा नाही. वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायचा. आधी निळा रंग आला. मग आईचे केस, भांग. कपाळ. मग डोळे. मग आईच्या कानाच्या रेषेत, निळ्यामध्ये, काहीतरी पांढरं यायला लागलं. मी बघत राहिले. पट्टी पट्टीने तो पांढरा भाग रुंद झाला आणि शेवटी कळलं की तो एक खांदा आहे. पुरुषाचा. पांढरा शर्ट. खांद्याच्या शिवणीजवळ निळसर डाग, नीळ नीट विरघळली नाही की कपड्यावर बसते ना, तसा.

दादानं चौकड्याचा शर्ट घातला होता. पांढऱ्या शर्टातलं त्या फोटोत कुणीच नव्हतं. अण्णांनीसुद्धा त्या दिवशी मुद्दाम नवा बदामी सदरा घातला होता.

मी माझ्याकडची मूळ फाइल उघडली. स्वच्छ. आई आणि निळा रंग. खांदा-बिंदा काही नाही. मंचावर बघितलं — खांदा आहे. म्हटलं, साइटवाल्यांचा काहीतरी घोळ असेल, दुसऱ्या कुणाच्या फोटोचा तुकडा यात मिसळला असेल. होतं असं. होतं का? मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं, पण मी स्वतःला तेच सांगितलं. फाइल आणखी थोडी लहान केली आणि त्याच नावाने पुन्हा चढवली, म्हणजे जुनीच्या जागी नवी बसेल.

पुन्हा उघडलं. निळा रंग, केस, कपाळ, डोळे... आणि पांढरं, आता आईच्या गालाला लागून. खांदा होता, दंड होता. तो दंड आईच्या मागे गेलेला होता.

बापूंना हाक मारली. बापू आले, पडद्यावर वाकले. माझ्याकडच्या फाइलीकडे पाहिलं, पुन्हा मंचाकडे पाहिलं. मग चप्पल घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

तरी मी हट्टी. तिसऱ्यांदा केला, आणखी लहान, चौकट पार आईच्या कानाला टेकवून, म्हणजे शेजारी कुणाला जागाच राहायला नको. चढवला. पट्ट्या उतरायला लागल्या. या वेळी शेजारी खरंच कुणी दिसलं नाही. मला इतकं हायसं वाटलं! मग खालची पट्टी आली, आणि आईच्या उजव्या खांद्यावर चार बोटं होती. मागून आलेली. आपल्या माणसाच्या खांद्यावर आपण हात ठेवतो ना, तशी निवांत ठेवलेली.

मी मॉडेमची वायर उपटली. साइटवरून फोटो काढून टाकायचा ते सुचलंच नाही. आता लिहिताना स्वतःचा राग येतो, पण तेव्हा एकच वाटत होतं — घरी जायचं. आत्ता. एसटीत मी सगळा वेळ पर्स पोटाशी धरून बसले होते. पर्समध्ये तो मूळ ग्रुप फोटो होता आणि तो काढून बघायची छाती होत नव्हती.

घरी आई अंथरुणात. अण्णा शेजारी बसलेले, कपाळावर ओली पट्टी. "दुपारपासून ताप आहे," अण्णा म्हणाले. "काहीबाही बोलतेय."

मी जवळ बसले. आई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, थोडं वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं बघत होती.

"आई, मी आलेय."

"सुजे, त्यास्नी सांग की जरा सरका म्हणून. अंगावर रेलल्यात पार."

"कोण गं?"

"काय की. वळखीचं न्हाय. बोलत बी न्हाय." मग एकदम रडवेली होऊन म्हणाली, "हितं मिलिंद हुबा ऱ्हातो, ही त्याची जागा हाय, आसं मी किती येळा म्हणलं. तर म्हणतंय, रिकामीच हाय की."

"बोलत नाही म्हणालीस ना?"

"बोलत न्हाय. पर म्हणतंय."

आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही. मुलं झाली तेव्हा नाही, नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही. कारण मी घरात कुणाला काही सांगितलंच नव्हतं! पांढऱ्या शर्टाचं नाही, बोटांचं नाही. आणि दादाची जागा रिकामी कुणी केली होती? मी. माऊस फिरवून, चहाचा घोट घेत. माझी आई माझ्या हातानं चाललीय असं मला स्पष्ट वाटलं, आणि हे अण्णांना सांगायला तोंडही नव्हतं.

सकाळी तिला इंदापूरला दवाखान्यात हलवलं. एक्स-रे काढला, कार्डिओग्राम काढला, सगळं ठीक. तरी श्वास उतरत चाललेला. डॉक्टर म्हणाले दुपारपर्यंत बघू, नाहीतर पुण्याला न्या. मी अण्णांना म्हटलं, "मी बारामतीला जाऊन येते." अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "आई अशी असताना? कामावर?"

"अण्णा, मला काही विचारू नका. तिकडच्या फोनवर मला कळवत राहा." आणि रडत रडत एसटी गाठली. कंडक्टरने तिकीट विचारलं तर मी शेळगाव म्हणाले. बारामतीच्या गाडीत बसून.

बापू सेंटरचं शटर अर्धं ओढून आतच बसले होते. मी आईचं सांगितलं. ते म्हणाले, "काय करायचं ते कर पोरी. गिऱ्हाईक म्या बघतो." मी पर्समधला फोटो काढला आणि स्कॅनरवर ठेवला. सगळे होते तसेच होते. आई, तिच्या उजवीकडे दादा. पुन्हा स्कॅन केला. या वेळी आईला कापताना दादाचा खांदा ठेवला. चांगला ऐसपैस, कॉलरपर्यंत. निळा रंग भरला नाही, आमची भिंत तशीच ठेवली, पोपडे निघालेली. सेव्ह करताना हात सवयीनं गेला तिकडेच — कै! मी ओरडले. बापू दचकले. नवीन फोल्डर केलं, त्याला नाव दिलं 'घर', आणि त्यात ठेवला. जुनी फाइल उडवली.

आता तो पन्नास केबीत बसवायचा. खांदा ठेवल्यामुळे फोटो रुंद झालेला. लहान केला की आईचा चेहरा पुसट व्हायचा, मोठा ठेवला की साइट परत पाठवायची. आणि त्याच वेळी लाइट गेली.

बापूंच्या हौसेचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्यांनी इन्व्हर्टरला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ठेवली होती. कॉम्प्युटर चालू राहिला, पण बॅटरी पुरेशी भरलेली नव्हती, इन्व्हर्टर लगेच टीं टीं करायला लागला. "हाण लवकर," बापू म्हणाले. "धा-पंधरा मिन्टं बी न्हाय टिकायची."

आणखी एक गोम होती. सेंटरवर फोनची लाइन एकच. नेट लावलं की फोन बंद. म्हणजे अण्णांनी इंदापूरहून फोन केला तरी तो लागणार नव्हता. त्यांना एंगेज ऐकू येणार. आईला काही झालं असलं तरी मला कळणार नव्हतं. मी रिसीव्हर उचलला, ठेवला. पुन्हा उचलला.

बापूंनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि म्हणाले, "फोन नंतर बी येतोय. लाव तू."

लावलं. किर्र-खर्र... लागलं. फोटो चढायला लागला. ती निळी पट्टी इंच इंच पुढे सरकायची आणि थांबायची. टीं टीं. थांबायची. बापू आमच्या घरातले नव्हते, माझी आई त्यांनी कधी बघितली नव्हती, पण ते पडद्यापुढे हात जोडून उभे होते. मी मनात वंदना म्हणत होते. म्हणत होते की बडबडत होते, मला माहीत नाही. फोटो चढला. मी मंच उघडला आणि डोळे मिटून घेतले.

"तू बघ," मी म्हणाले. बापूंना एकेरी! त्यांनीही काही मनावर घेतलं नाही. ते वाचून दाखवावं तसं सांगत गेले. "भिंत हाय. क्येस हायती. कपाळ... डोळं... आता खांदा यायलाय."

"कसला?"

"थांब की."

"बापू, कसला?"

"चौकड्याचा," बापू म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

मी डोळे उघडले. दादाचाच खांदा. आईच्या खांद्यावर कुणाची बोटं नाहीत. तेवढ्यात बॅटरी संपली, पडदा काळा झाला, नेट तुटलं. आणि लाइन मोकळी होताच फोन वाजला. अण्णा होते. वैतागलेले. "किती वेळ फोन लावतोय! कोण बोलत होतं एवढं? बरं ऐक, आई उठून बसलीय. चहा मागतेय. डॉक्टर म्हणतात, ताप उतरला."

मी फोनवर भोकाड पसरलं. अण्णांना वाटलं आनंदानं.

आईला नंतर काही आठवत नव्हतं. तापात बडबडले असंन म्हणायची. दादाने लिहिलं, आता बरोबर आहे, पण माझा खांदा कशाला ठेवलास, ध्यान दिसतंय. मी त्याला सगळं कळवलं. त्याने मला वेड्यात काढलं, पण तो खांदा आणि ती बोटं मंचावर त्यानेही पाहिली होती, त्यामुळे फार ताणलं नाही. अण्णांना मी कधीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं, स्वतः पाहिलं का? आणि मला हो म्हणावं लागलं असतं.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंही नसतं. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. सोडून दिलंच होतं. फक्त आईचा एकटीचा फोटो मी आयुष्यात पुन्हा कुणाला काढू दिला नाही. नातवंडं चिडवायची, मी चिडवून घ्यायचे.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. चांगलं वय झालं होतं, झोपेतच गेली, शेळगावच्या घरी. दादा अमेरिकेतच स्थायिक झालेला. कळल्याबरोबर निघाला, पण मधल्या विमानतळावर अडकला आणि वेळेत पोचला नाही. आमच्यात अंत्यविधीला पांढरे कपडे घालतात. घरचे, गावचे, बाहेरगावचे, सगळेच पांढऱ्यात. वंदना झाली, पुरुषांनी खांदा दिला, आईला नेलं. आत्याच्या नातवाने दादासाठी म्हणून फोनवर एक फोटो काढला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. विमानतळावरून. आवाज बसलेला. मला वाटलं, रडतोय.

"सुजे," तो म्हणाला, "आईशेजारी कोण आहे?"

त्याने अगदी हेच शब्द वापरले. त्याला स्वतःलाही ते कळलं असावं. मग तो म्हणाला, "पुढे उजव्या बाजूला. माझ्या जागेवर."

मी फोटो उघडला. चौघे खांदेकरी. मागचे दोघे आत्याची मुलं. पुढे डावीकडे आमच्या ह्यांचा खांदा. पुढे उजवीकडे एक माणूस. तोंड फुलांच्या हारांआड गेलेलं. पांढरा शर्ट. खांद्याच्या शिवणीपाशी, बांबू टेकतो तिथे, नीळ बसल्यासारखा डाग.

मी सगळ्यांना विचारलं. ह्यांना विचारलं, शेजारी कोण होतं? म्हणाले, तुमच्या गावचं कुणीतरी असेल. गावच्यांना वाटलं आमचा पाहुणा. आत्याच्या मुलांना फक्त पाठ आठवते. स्मशानात तो नव्हता.

शेवटी त्याच रात्री धीर करून अण्णांपाशी गेले. नव्वदीला आलेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण डोकं लख्ख आहे. ते त्या दिवशी तिरडीच्या मागेच चालत होते. मी विचारलं, "अण्णा, पुढे उजव्या बाजूला कोण होतं?"

अण्णा समाधानाने म्हणाले, "कोण म्हणजे? मिलिंद. वेळेवर पोचला पोरगा. आईला घरातनं नेलं ते त्यानंच."

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न मी त्यांनाच विचारला.

"तुम्ही स्वतः पाहिलं का?"

"पाहिलं की," अण्णा म्हणाले. "मागं वळून हसला माझ्याकडं."

दादा दुसऱ्या दिवशी पोचला; अण्णांना वाटलं, तो कालपासून इथेच आहे. अण्णांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता, आजही लागलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर मला सांगू नका. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. आता स्कॅनर नको, मॉडेम नको, दोन बोटं टेकवली की हवा तेवढा मोठा होतो. हारांच्या फटीतून चेहरा थोडा दिसेल असं वाटतं. मी तो मोठा करून पाहिलेला नाही.